मापाचा कपडा

१

सासूबाई माझ्याशी गोड बोलायला लागल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या सासूबाईंची खोड मेल्यावरही चार दिवस मागे रेंगाळेल, असं मी माझ्या बहिणीला नेहमी सांगायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातच्या चहाला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं. आणि या नव्या घरात येऊन महिनाही झाला नसेल, एका सकाळी कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "छान झालाय गं." मी मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

घर हे नवऱ्याचं स्वप्न होतं, माझं नव्हे, हे आधीच सांगून टाकते. तो लिफ्टचा मेकॅनिक. आमच्या जुन्या गावात उंच इमारती बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे त्याला वर चढायला जागा नव्हती. या शहरात त्याला तपासनीसाची नोकरी मिळाली आणि स्वारी हवेत गेली. माझं तिथे शिवणाचं दुकान होतं. आधी आईने चालवलं, मग मी. दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. "स्वतःचं घर, स्वतःचं दार," असं हा उठता बसता म्हणायचा. दुकानालाही दार होतं, पण ते त्याच्या लेखी दार नव्हतं. शेवटी मी शटर ओढलं, मशीन ट्रकवर चढवलं आणि आईची पितळी मुठीची कात्री मांडीवर घेऊन इकडे आले.

घर तसं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. वरचा मजला, आत शिरलं की लांबोळका पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या आणि टोकाला एक लहानशी खोली, उत्तरेचा उजेड येणारी. शिवणाला उत्तरेचा उजेड चांगला, रंग खरे दिसतात. ती खोली पाहिल्यावर माझा विरोध निम्मा मावळला. तिथे फरशीवर मशीनच्या पायांचे गंजलेले डाग होते. माझं मशीन त्या डागांवर असं नेमकं बसलं की नवऱ्याने टाळी वाजवली. घर तुझीच वाट बघत होतं, म्हणाला.

पॅसेजमध्ये भिंतीतलं कपाट होतं. आधीच्या लोकांनी ते पूर्ण रिकामं केलं नव्हतं. आत एक पुरुषाचा कोट, एक म्हाताऱ्या बाईचं लोकरी जाकीट आणि एका मुलीचा निळा फ्रॉक टांगलेला होता. घरच्या बाईचं मात्र काहीच नव्हतं. "बायका आधी स्वतःचं सामान भरतात," नवरा हसत म्हणाला. मला हसू आलं नाही, कारण मी कोटाची शिलाई बघत होते. शिवणाऱ्याला दुसऱ्याचा हात लगेच दिसतो. इतके बारीक आणि एकसारखे टाके मी आईनंतर कुणाचे पाहिले नव्हते. फक्त सगळे उलट्या बाजूला कललेले होते. डावखुरी असणार ती. कोटाच्या डाव्या खांद्यात तिने आतून गादी भरली होती, म्हणजे तिच्या नवऱ्याचा डावा खांदा उतरता असणार. जाकीट ताठ पाठीच्या बाईसाठी बेतलेलं होतं. फ्रॉकच्या घेराला आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती, पुढे उसवून सोडायला.

मला हेवा वाटला तिचा. अशी शिवणारी बाई घर सोडून जाताना नेमके स्वतःच्या हातचे कपडे मागे कशी ठेवते, हा विचार तेव्हा मनात आला आणि गेला.

२

आमच्या सामानातली एक पेटी पोचलीच नाही. नेमकी कपड्यांची. ट्रकवाल्याने कानावर हात ठेवले, नवऱ्याने त्याला फोनवर दोन शब्द सुनावले, आणि संपला विषय.

मुलीच्या अंगावर प्रवासात घातलेला पिवळा फ्रॉक होता, तेवढाच उरला. आमच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव माझ्या बहिणीचं. ही पोर चालायला शिकली ती गरगर फिरतच शिकली. त्या पिवळ्या फ्रॉकला मी मोठा खिसा लावला होता, कारण रस्त्यात दिसेल तो खडा ती उचलते, आणि त्या खिशाचा एक कोपरा कायम उसवलेला असायचा, कारण बाईसाहेब जागेवर थांबत नाहीत. तिला उभं करून टेप लावणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं.

तशीही मी घरच्यांना कधी टेप लावली नाही. ही आईची शिकवण. गिऱ्हाइकाला टेप, घरच्याला डोळा, असं ती म्हणायची. ज्याला रोज बघतो त्याचं माप काढावं लागत असेल, तर आपण त्याला बघतच नाही, असा तिचा हिशेब होता. मी भिंगरीचे कपडे जन्मापासून नुसत्या नजरेने बेतत आले आणि एकही कधी चुकला नाही. याचा मला गर्व होता, असेल तर असू दे.

पण शाळा तोंडावर आली होती, गणवेशाचं कापड टेबलावर पडलं होतं आणि भिंगरी आजीबरोबर बाहेर गेली होती. पत्र्याच्या डब्यासारखं माझं डोकं ठणकत होतं. दुकानात गिऱ्हाइकाला स्वतः यायला जमत नसेल तर ते मापाचा कपडा पाठवतं, म्हणजे अंगाला नीट बसणारा एखादा जुना कपडा. त्यावरून नवा कापायचा. मी कपाटातला निळा फ्रॉक काढला. भिंगरीला तो खांद्यात रुंद झाला असता आणि उंचीलाही थोडा जास्त. वाढत्या अंगाला बरा, म्हटलं. कापडावर पसरला, कडेने खडू फिरवला आणि त्या मापाने तिचे गणवेश कापले.

नवऱ्याचा चांगला कोट हरवलेल्या पेटीत होता, म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने तो कपाटातला चढवला. सासूबाईंना थंडी वाजत होती, त्यांनी जाकीट घातलं. कुणाचं कोण जाणे, असं मी पुटपुटले, तर नवरा म्हणाला, कापडावर नाव लिहिलेलं नसतं. सुंठीवाचून खोकला गेला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

३

पहिल्यांदा खटकला तो नवऱ्याचा खांदा.

हत्यारांची जड पिशवी वर्षानुवर्षं उजव्या खांद्यावर वाहून त्याचा तो खांदा बोटभर खाली आला होता. त्याचा प्रत्येक शर्ट मी तसाच कापत आले. एका सकाळी तो आरशासमोर उभा राहून कोटाची बटणं लावत होता, आणि मी चहाचा कप घेऊन दारात थांबले. पहिल्या दिवशी तो कोट त्याला डावीकडे उचललेला दिसत होता, गादीमुळे. आता सरळ बसला होता. उजवा खांदा वर आला होता आणि डावा उतरला होता.

मी स्वतःची समजूत घातली. आता पिशवी नाही, हातात नुसती बॅटरी असते, उजवा वर येणारच. पण डावा का उतरावा? डाव्या कुशीवर झोपत असेल. नवी गादी मऊ आहे. मनाला पटवायला माणसाला फार काही लागत नाही.

मग सासूबाईंची पाठ. त्यांना पोक होतं, जाकीट पहिल्या दिवशी मागून वर चढत होतं. आता ते सरळ खाली पडत होतं आणि त्यातून म्हातारी खांबासारखी ताठ चालत होती. हवा मानवली, म्हणाल्या. चहा छान झालाय, भाजी छान झालीय, दमली असशील, बस जरा. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, माझे चार दिवस आले असं समजून मी खूश व्हायला हवं होतं. मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

भिंगरीच्या गणवेशाकडे मी मुद्दाम बघत नव्हते. मुलं वाढतात, कपडे भरतात, त्यात नवल काय. पण एका सकाळी गळ्याचं बटण लावताना माझी बोटं थांबली. भिंगरीची मान लांब आणि बारीक, तिला कॉलर नेहमी सैल व्हायची. आता ती अंगासरशी बसत होती. मुलं वाढतात तशी लांब होतात. कुणाची मान वाढून आखूड होत नाही.

आणि मी बटण लावत होते तेवढा वेळ ती माझ्यासमोर हात सरळ सोडून उभी होती. हललीसुद्धा नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत मी पॅसेजमध्ये तिचा आवाज ऐकला नव्हता. ती भिंतींना तळहात घासत गरगर फिरत जायची, त्याचा एक खरखर आवाज यायचा. मी त्यावरून तिला रोज ओरडायचे.

मी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे, नजर उत्तम आहे. मला फार वाईट वाटलं.

४

मला एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम मिळालं होतं. तयार कपडे लोकांच्या अंगाला बसते करून द्यायचे. पॅन्ट आखूड करा, कंबर सैल करा. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. स्वतःच्या दुकानाची मालकीण होते, ती आता दुसऱ्याच्या दुकानात कोपऱ्यात बसून लोकांची पोटं सामावून घेत होते. ते असो.

भिंगरीच्या गणवेशाचं एक बटण निघालं होतं. संध्याकाळी लावीन म्हणून मी तो खुर्चीवर ठेवून गेले. आले तर बटण लागलेलं. मी उजेडात नेऊन पाहिलं. धाग्याचे वेढे उलटे फिरवलेले होते.

सासूबाईंना सुईचं नेढं दिसत नाही. तरी विचारलं. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं.

"तूच लावलंस की दुपारी," भिंगरी म्हणाली. "मी दोरा ओवून दिला."

मी हसले. दुपारी मी दुकानात एका लठ्ठ गृहस्थाच्या पॅन्टशी झगडत होते. पण नंतर माझी मलाच शंका आली. माणसं काय काय विसरतात. दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या मोठ्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, काल मी मध्येच घरी गेले होते का हो? त्या म्हणाल्या, चहालाही उठली नाहीस, आता आजारी पडशील.

त्यानंतर गोष्टी वाढत गेल्या. पडदे आखूड झाले. उशांना नव्या खोळी आल्या. माझी कात्री मी ठेवायचे तिथे नसायची, टेबलाच्या डाव्या अंगाला असायची. एकदा सुट्टी असल्याने नवरा दिवसभर घरी होता, आणि संध्याकाळी मी आले तर सगळ्यांची जेवणं आटोपलेली. माझं ताट नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली.

"तू दुपारी जेवलीस ना आमच्याबरोबर? एवढी खुशीत होतीस."

असं म्हणून त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. अख्ख्या संसारात या माणसाने माझ्यासाठी कधी खुर्ची ओढली नव्हती. अवेळी आलेल्या पाहुणीला देतात तशी त्याने ती दिली, आणि मी जेवेपर्यंत समोर अवघडून बसून राहिला.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं एखाद्या जावेला किंवा सवतीला म्हणता येतं. मी कुणाला म्हणणार होते? मी त्या जागेला फक्त एकदा विनवलं, मशीनच्या खोलीत एकटी असताना. नवरा घे, म्हटलं. म्हातारी तर आनंदाने घे. माझी पोर तेवढी मला राहू दे. बाहेर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. बाकी काही झालं नाही.

५

रविवारी सकाळी मी टेप घेऊन बसले. आईने सांगितलेलं मोडायला मला फार जड गेलं, पण आता माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

"भिंगरी, इकडे ये, माप घेऊ."

ती आली. मी काही सांगायच्या आत तिने दोन्ही हात बाजूला वर केले, हनुवटी उचलली आणि श्वास सोडून उभी राहिली. ज्याचं माप कुणीतरी पुष्कळदा घेतलंय असं मूलच असं उभं राहतं. मी तिच्या छातीभोवती टेप नेली. तिने मान वाकवून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई टेप अशी नाही धरत."

ती रागावून म्हणाली नाही. मला मदत व्हावी म्हणून म्हणाली. तिने माझ्या उजव्या हातातून टेपचं टोक काढलं आणि डाव्या हातात दिलं.

खांदा, छाती, उंची, गळा. मग मी निळा फ्रॉक टेबलावर पसरून मोजला. एका धाग्याचा फरक नव्हता. मी कपाटातून तिचा पिवळा फ्रॉक आणला, धुवून टांगून ठेवलेला, आणि तिच्या डोक्यातून घालायला गेले. तो मानेशी अडला. ती गुदमरून रडायला लागली. हा माझा नाहीये, हा माझा नाहीये, एवढंच म्हणत राहिली. सासूबाई धावत आल्या, तिला माझ्यापासून ओढून घेतलं आणि माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी रस्त्यावरून आत शिरले होते.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. खांदा, बटण, मान, टेप. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. हाच माणूस पूर्वी माझं बोलणं अर्ध्यावर तोडायचा आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. मला त्या क्षणी तो भांडणारा माणूस इतका हवासा वाटला की रडू आलं.

"तू दमलीयस," तो म्हणाला. "बाहेर जाऊच नकोस. दुपारी घरी असतेस तेव्हा किती बरी असतेस."

मी ठरवलं, भिंगरीला घेऊन बहिणीकडे निघून जायचं. हा संसार गेला खड्ड्यात. गावात गेली की पुन्हा धावेल, फिरेल, मान लांब होईल. मला दुसरं काही नको होतं.

६

सोमवारी मी कामावर गेल्यासारखं केलं आणि शाळा सुटायच्या सुमाराला परत आले. तिला दारातच गाठायचं आणि तसंच निघायचं, असा बेत होता. पण ती आधीच घरी आली होती. पॅसेजमध्ये तिचे बूट होते, शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवलेले.

आतून मशीनचा आवाज येत होता.

माझं मशीन मी झोपेतही ओळखीन. मी चालवते तेव्हा ते धाप लागल्यासारखं चालतं, जोरात, मग थांबून, मग जोरात. आईसुद्धा त्यावरून बोलायची. आता ते एका लयीत, सावकाश चाललं होतं, जणू कुणाला कुठेच जायचं नाही. सासूबाई बाजूच्या खोलीत ताठ बसून गुणगुणत होत्या. त्यांनी मला जाताना पाहिलं आणि गुणगुणणं थांबवलं नाही.

टोकाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. फटीतून आतला आरसा दिसत होता. आरशात भिंगरी जमिनीवर बसलेली, डोळे मिटलेले, डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर टेकलेलं. गुडघ्यावर कापड पसरलं होतं, निळं. आणि आरशाच्या कडेला एक कोपर, पुढे मागे होणारं. डावं कोपर. बाही माझ्या घरातल्या झग्याची होती, जो मी त्या क्षणी अंगात घातलेला नव्हता.

मी दार ढकललं. खोलीत भिंगरी एकटी होती. मशीनचं चाक अजून फिरत होतं. ते थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

भिंगरीने डोळे उघडले, उठून उभी राहिली आणि गणवेशाच्या चुण्या नीट केल्या.

"कपडे घ्यायला आलात का?" ती म्हणाली. "आई आत्ता येईल. बसा ना."

७

मी तिला हाताला धरून ओढायला हवं होतं, नाही? सगळे म्हणतील. मी ओढलंही. तिने एवढा आक्रोश केला की जिन्यात दारं उघडल्याचे आवाज आले, आणि तिच्या डोळ्यांत माझी भीती होती. पोटच्या पोरीच्या डोळ्यांत आपली भीती दिसली की आणखी ओढवत नाही. मी तिला सोडलं.

निळा फ्रॉक मशीनवर पडलेला होता. त्याचा घेर उसवून माया सोडत होतं कुणीतरी, म्हणजे आणखी मोठा करायचा बेत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं याच्यापासून सुरू झालं होतं. याचे तुकडे केले की झालं. मी टेबलावरची आईची कात्री उचलली आणि फ्रॉकच्या गळ्यापासून सुरुवात केली.

कापड कापलंच जाईना. पात्यांमध्ये नुसतं दुमडत होतं. ही कात्री जाड लोकरही सरळ कापते, परवाच धार लावली होती. मी जोर केला, पुन्हा दुमडलं. मूठ अंगठ्याच्या मुळाशी रुतत होती. आईने लहानपणी सांगितलेलं आठवलं, की कात्री हात ओळखते, उजव्या हाताची कात्री डाव्या हाताने कापत नाही.

मी खाली पाहिलं. कात्री माझ्या डाव्या हातात होती.

मी ती कधी त्या हातात घेतली ते मला माहीत नाही. हात सवयीने धरल्यासारखा होता. मला फक्त ती या हातातून त्या हातात घ्यायची होती. उजवा हात मोकळाच होता.

तेवढ्यात भिंगरीचं रडणं थांबलं. ती दाराशी उभी राहून माझ्याकडे निरखून बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू निवळत गेला. मग ती धावत आली आणि तिने माझ्या कमरेला मिठी मारली.

"आई," ती म्हणाली, "कुठे गेली होतीस?"

किती दिवसांनी तिने मला आई म्हटलं होतं. तिचे केस माझ्या हाताला लागत होते. मी कात्री उजव्या हातात घेतली असती, तर तिने मान वर करून मला पुन्हा अहो जाहो केलं असतं. ते माझ्याने ऐकवलं नसतं.

"इथेच होते," मी म्हटलं.

तिने मिठी सोडली नाही. ती अगदी शांत उभी होती. माझी भिंगरी माझ्या मिठीत इतका वेळ कधीच थांबली नव्हती, सारखी निसटायची. ते मला तेव्हाही कळत होतं. मग मी मशीनशी बसले आणि फ्रॉकच्या घेराला हाताने तुरपाई घातली. टाके बारीक आणि एकसारखे आले, माझे कधी आले नव्हते इतके चांगले, आणि सगळे उलट्या बाजूला कललेले.

८

आता घरात सगळं सुरळीत आहे. नवरा भांडत नाही. सासूबाई माझ्या चहाची वाखाणणी करतात. शाळेतून मुलीचं कौतुक येतं, किती शांत, किती नीटनेटकी. रोज संध्याकाळी ती मला दोरा ओवून देते आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवते. पोर गुणी आहे, तिचा दोष काहीच नाही. कुणाची आहे, मला ठाऊक नाही.

माझी कुठे आहे, तेही ठाऊक नाही. पण मी एक गोष्ट राखून ठेवली होती. पिवळा फ्रॉक मी कपाटातून काढला आणि दुकानात नेला. खिशाचा कोपरा तसाच उसवलेला ठेवला. आत एक खडा होता, तोही राहू दिला. तो फ्रॉक मी कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीमागे टांगून ठेवला होता. एका कपड्याने एक पोर गेली, तर एका कपड्याने परत येईल, एवढंच मी मनाशी म्हणते. त्यापुढे विचार करत नाही.

परवा दुकानात एक बाई आली. बरोबर भिंगरीपेक्षा जराशी लहान मुलगी, कपड्यांच्या मांडण्यांमधून धावत, हाताला लागेल ते ओढत. बाई चेहऱ्यावरून थकलेली दिसत होती. या शहरात नवीनच आलोय, म्हणाली, पहिलंच घर आहे स्वतःचं, सामान अजून वाटेतच अडकलंय आणि पोरीला अंगावर घालायला धड काही नाही. स्वस्तातलं काही मिळेल का?

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोरीचं काय होईल, हा विचार मनात आला. आमच्या कपाटात तो निळा फ्रॉक टांगताना माझा विचार कुणी केला होता?

"विकत कशाला घेता," मी म्हटलं. खुर्चीमागचा फ्रॉक काढून मी तिच्यापुढे धरला. "एकाच पोरीने वापरलेला आहे. असाच न्या."

तिला अवघडल्यासारखं झालं, मग डोळे भरून आले. या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याशी माणुसकीने वागलं, असं काहीतरी ती म्हणाली. तिने पोरीला पकडून फ्रॉक तिच्या पाठीला लावून पाहिला.

"थोडा मोठा होईल हिला."

"वाढत्या अंगाला बरा," मी म्हटलं, आणि त्या कुठे राहायला आल्यात ते नीट विचारून घेतलं.